उंचीचे गणित : फझलुर रहमान खान

प्रास्ताविक

शिंपी कापड कापण्यापूर्वी त्यावर खडूने खुणा करतो. चूक व्हायचीच असेल तर ती खुणेत व्हावी, कापडात होऊ नये, हा त्यामागचा साधा विचार असतो. काम जितके मोठे, तितकी ही पूर्वतयारी महत्त्वाची ठरते. शंभर मजल्यांची इमारत आधी बांधावी आणि ती वाऱ्यात टिकते की नाही हे नंतर पाहावे, असे करता येत नाही. ती कशी वागेल हे बांधण्यापूर्वीच जाणून घ्यावे लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामासाठी अभियंत्यांच्या हाती संगणक आला. संगणकाच्या साहाय्याने आराखडा तयार करणे आणि अनेक एकसारख्या घटकांनी बनणाऱ्या रचनेची कागदावरच कसोटी घेणे, ही पद्धत रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या फझलुर रहमान खान यांचे चरित्र आपण या पाठात वाचणार आहोत.

मूळ पाठ

बालपण आणि शिक्षण

फझलुर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाका येथे झाला. त्या वेळी ढाका हे अविभाजित बंगालमधील एक प्रमुख शहर होते. त्यांचे वडील अब्दुर रहमान खान हे गणिताचे अध्यापक होते. पुढे त्यांनी शिक्षणक्षेत्रात मानाची पदे भूषविली. त्यामुळे अभ्यासाची आवड आणि विचारांची शिस्त फझलुर यांना घरातूनच लाभली.

उच्च शिक्षणासाठी भौतिकशास्त्र निवडावे की अभियांत्रिकी, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. वडिलांच्या सल्ल्याने त्यांनी अभियांत्रिकीचा मार्ग स्वीकारला आणि कोलकात्याजवळच्या शिबपूर येथील बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. हे ते दिवस होते, जेव्हा देश स्वतंत्र होत होता आणि त्याच वेळी दुभंगतही होता. १९४७ मध्ये फाळणी झाली. ढाका पाकिस्तानात गेले, शिबपूर भारतात राहिले. १९५० मध्ये कोलकात्यात जातीय दंगली उसळल्या. शेवटच्या वर्षात शिकत असलेल्या फझलुर यांना शिक्षण अर्धवट टाकून ढाक्याला परतावे लागले. तेथील अहसानुल्ला इंजिनिअरिंग कॉलेजमधून त्यांनी आपली पदवी पूर्ण केली आणि ते प्रथम श्रेणीत सर्वप्रथम आले. शिक्षणात खंड पडला म्हणून खचून न जाता जेथे संधी मिळेल तेथून ते पुढे नेणे, हा गुण त्यांच्या ठायी तेव्हापासूनच दिसतो.

१९५२ मध्ये दोन शिष्यवृत्त्या मिळवून ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. अवघ्या तीन वर्षांत त्यांनी दोन विषयांत पदव्युत्तर पदव्या आणि संरचना अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविली. इमारतीचा सांगाडा आपले वजन, माणसांचा व सामानाचा भार आणि वारा-भूकंपाचे धक्के कसे पेलतो, याचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे संरचना अभियांत्रिकी होय.

मायदेश आणि परदेश

१९५५ मध्ये खान शिकागो शहरातील स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना संस्थेत रुजू झाले. काही काळाने ते पाकिस्तानात परतले आणि कराची विकास प्राधिकरणात अधिकारी झाले. पद मोठे होते, परंतु काम बहुतांशी प्रशासकीय होते. रचनेचा विचार करण्यास तेथे वाव मिळेना. आपण जे शिकलो ते वापरावयाचे की मिळालेल्या पदावर समाधान मानावयाचे, हा पेच त्यांच्यापुढे होता. अखेर १९६० मध्ये ते शिकागोला त्याच संस्थेत परतले. पुढील बावीस वर्षांत त्यांच्या हातून जे कार्य झाले, त्याने उंच इमारतींचे शास्त्रच बदलून गेले.

वाऱ्याचा प्रश्न

उंच इमारतीपुढे खरे आव्हान असते ते वाऱ्याचे. वजन सरळ खाली जाते, वारा मात्र इमारतीला बाजूने ढकलतो. वाऱ्याचा वेग तेवढाच धरला तरी उंची दुप्पट झाल्यावर इमारतीला तळापाशी उलथवू पाहणारा जोर चौपट होतो. त्या काळी इमारतीच्या आत सर्वत्र खांब आणि तुळया यांची जाळी उभारून हा जोर पेलला जाई. वीस-तीस मजल्यांपर्यंत ही रीत ठीक होती. त्यापुढे मात्र प्रत्येक चढत्या मजल्याबरोबर पोलादाचा खर्च बेसुमार वाढत असे.

खान यांनी वेगळा विचार केला. बांबू आतून पोकळ असतो, तरीही तो वाऱ्यात सहजासहजी मोडत नाही, कारण त्याचे सारे बळ त्याच्या बाहेरच्या कवचात असते. इमारतही अशीच का असू नये? खांब बाहेरच्या भिंतींत जवळजवळ उभे करावेत, ते मजबूत तुळयांनी एकमेकांशी जोडावेत आणि संपूर्ण इमारतीला एका पोकळ नळीसारखे वागू द्यावे, असे त्यांनी सुचविले. शिकागोतील त्रेचाळीस मजल्यांच्या डी विट-चेस्टनट या निवासी इमारतीत त्यांनी हा विचार प्रथम प्रत्यक्षात आणला.

त्यानंतर वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम यांच्यासह त्यांनी शिकागोत शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर उभे केले. १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या या ३४४ मीटर उंच इमारतीच्या चारही बाजूंना पोलादाच्या प्रचंड तिरप्या पट्ट्या आहेत. त्या खांबांना एकत्र बांधतात आणि वाऱ्याचा जोर सर्वांत वाटून देतात. १९३१ च्या एम्पायर स्टेट इमारतीत दर चौरस मीटर क्षेत्राला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. हॅनकॉक सेंटरमध्ये ते प्रमाण सुमारे १४५ किलोवर आले.

इमारत टिकेल, याची खात्री झाली. पण शंभराव्या मजल्याजवळ राहणाऱ्या माणसाला वाऱ्याने होणारे हेलकावे सहन होतील का? या प्रश्नाचे उत्तर समीकरणांत नव्हते. म्हणून खान यांनी शिकागोच्या एका विज्ञान संग्रहालयातील फिरत्या मंचावर माणसांना उभे केले, बसविले, झोपविले आणि हालचाल नेमकी केव्हा जाणवू लागते हे त्यांना विचारले. इमारतीने किती डुलावे याचा निर्णय त्यांनी माणसांच्या अनुभवाशी ताडून घेतला.

संगणकाची जोड

नळीची कल्पना साधी असली तरी तिचे गणित सोपे नव्हते. एका मोठ्या इमारतीत हजारो खांब आणि तुळया असतात. जेथे ते एकत्र येतात, त्या प्रत्येक सांध्याची हालचाल शेजारच्या सांध्यांवर परिणाम करते. एक खांब किंचित जाड केला तर त्याच्याकडे अधिक भार येतो आणि इतरांचा भार बदलतो. ही सर्व समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. कागद-पेन्सिलीने असे गणित करावयाचे तर महिने लागावेत आणि आराखड्यात एक बदल झाला की सारे पुन्हा पहिल्यापासून मांडावे, अशी स्थिती होती.

संगणकाने हे बदलले. प्रत्येक खांब आणि तुळई हा एक घटक मानावयाचा. त्याची लांबी, जाडी आणि तो कोणत्या पदार्थाचा आहे, ही माहिती संगणकाला द्यावयाची. कोणता घटक कोठे जोडला आहे हे सांगावयाचे. मग वाऱ्याचा किंवा वजनाचा भार कल्पून प्रत्येक सांधा किती सरकेल आणि प्रत्येक घटकावर किती ताण येईल, हे संगणक काढून देतो. अशा प्रकारे इमारतीचे एक गणिती प्रतिरूप तयार होते. त्यावर वादळ सोडून पाहता येते, खांब बदलून पाहता येतो आणि एवढे करूनही एक वीटसुद्धा वाया जात नाही. रचना जितकी एकसारख्या घटकांची, तितके हे प्रतिरूप मांडणे सुलभ होते.

आज हे काम घरच्या संगणकावरही होऊ शकते. त्या काळी मात्र संगणक खोली भरून टाकणारा आणि अतिशय महाग असे. वास्तुरचनेच्या व्यवसायात त्याचा कितपत उपयोग होईल, याची कोणालाच शाश्वती नव्हती. तरीही खान आणि ग्रॅहम यांनी संस्थेच्या भागीदारांकडे आग्रह धरून असा संगणक घेण्यास त्यांना राजी केले. खान यांनी त्यासाठी आज्ञावली तयार करण्याचे काम हाती घेतले. आधी संरचनेची गणिते आणि पुढे वास्तूची रेखाचित्रेही संगणकावर होऊ लागली.

परंतु संगणकावर त्यांनी डोळे झाकून विश्वास टाकला नाही. रचनेतून भार कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत जातो, हे अभियंत्याला आधी मनात दिसले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९६४ मध्ये जॉन स्बारूनिस यांच्यासह त्यांनी भिंती आणि चौकटी मिळून वारा कसा पेलतात हे हाताने काढता येईल, अशी पद्धत प्रसिद्ध केली. उत्तराचा अंदाज ज्याला आधी करता येतो, त्यालाच यंत्राने दिलेल्या उत्तरातील चूक ओळखता येते.

हॅनकॉक सेंटरच्या बांधकामातच याचा प्रत्यय आला. वीसेक मजले चढल्यावर पायातील एका खोल काँक्रीट स्तंभात दोष आढळला. काँक्रीट ओतताना राहिलेली ती उणीव होती. गणित अचूक होते, आराखडा निर्दोष होता. पण जमिनीखाली काय घडले आहे, हे संगणकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. काम थांबवावे लागले. पाया तपासून दुरुस्त केल्यानंतरच पुढचे मजले चढले. आराखड्याइतकीच प्रत्यक्ष कामाची देखरेख आवश्यक असते, हा धडा त्यातून मिळाला.

नऊ नळ्यांची मोळी

एकच नळी फार रुंद केली तर तिच्या भिंतीच्या मधल्या खांबांकडे पुरेसा भार पोहोचत नाही, कोपऱ्यातले खांबच अधिक राबतात, हे खान यांच्या लक्षात आले होते. यावर त्यांनी शोधलेला उपाय शिकागोतील सिअर्स टॉवरमध्ये पाहावयास मिळतो. एका मोठ्या नळीऐवजी नऊ लहान चौकोनी नळ्या तीन ओळींत एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या. प्रत्येक नळीची बाजू सुमारे २३ मीटर. शेजारच्या दोन नळ्यांमध्ये भिंत सामाईक असल्यामुळे मधल्या खांबांनाही भार उचलावाच लागतो. एकेक काठी सहज मोडते, पण मोळी मोडत नाही, ही आपल्याकडची गोष्ट येथे पोलादात उतरली आहे. ग्रॅहम यांनी मूठभर सिगारेटी हातात धरून, काही वर व काही खाली सरकवून ही कल्पना समजावली होती, असे सांगतात.

या नळ्या सर्व एका उंचीच्या नाहीत. दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या आणि तीन नव्वदाव्या मजल्यावर. उरलेल्या दोन शिखरापर्यंत जातात. वरच्या मजल्यांना कमी जागा हवी होती, ती गरज घटक कमी करून भागली. बांधकामातही हेच तत्त्व वापरले गेले. दोन मजले उंचीचा खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या तुळया, असा एक घटक कारखान्यात जोडून आणावयाचा आणि जागेवर तो शेजारच्या घटकाशी बोल्टांनी पक्का करावयाचा. त्यामुळे उंचावर, वाऱ्यात करावयाचे बरेचसे वेल्डिंग टळले. ११० मजल्यांची आणि ४४२ मीटर उंचीची ही इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. १९९८ पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे होता. २००९ पासून ती विलिस टॉवर या नावाने ओळखली जाते.

वाळवंटातील मांडव

हज यात्रेच्या काळात सौदी अरेबियातील जेद्दा विमानतळावर थोड्या दिवसांत लाखो यात्रेकरू उतरतात. त्यांत भारतातून जाणारे यात्रेकरूही असतात. एरवी वर्षातील बराच काळ ती गर्दी नसते. कडक उन्हात इतक्या लोकांना सावली कशी द्यावी? बंदिस्त इमारत बांधून ती थंड ठेवणे परवडणारे नव्हते. गॉर्डन बन्शाफ्ट यांच्यासह खान यांनी येथे वाळवंटातील तंबूचा आधार घेतला. काचतंतूच्या शुभ्र, लेप दिलेल्या कापडाचे २१० तंबू त्यांनी योजिले. प्रत्येक तंबू ४५ मीटर लांब व तितकाच रुंद असून तो पोलादी खांबांवरून तारांनी टांगलेला आहे. २१ तंबूंचा एक गट आणि असे दहा गट, अशी ही मांडणी आहे. उष्ण हवा तंबूच्या वरच्या तोंडातून निघून जाते आणि खाली सावली राहते.

कापडाची रचना लाकूड-पोलादाहून वेगळी असते. कापड फक्त ओढ सहन करते, दाब नव्हे. त्याला मनाजोगता आकार देता येत नाही, ओढ जशी असेल तसा तो आकार घेते. म्हणून हा आकार संगणकाच्या मदतीने शोधावा लागला. एका तंबूचे गणित नीट सुटले की तोच घटक शेकडो वेळा वापरता आला. १९८१ मध्ये हे हज टर्मिनल खुले झाले आणि १९८३ मध्ये त्याला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तो स्वीकारण्यासाठी खान मात्र हयात नव्हते.

माणूस म्हणून खान

१९६७ मध्ये खान अमेरिकेचे नागरिक झाले, परंतु जन्मभूमीशी त्यांचे नाते तुटले नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात मुक्तिसंग्राम पेटला. तेव्हा त्यांनी शिकागोत बंगाली मंडळींना एकत्र करून आपद्ग्रस्तांसाठी मदत उभी केली आणि बांगलादेशाची बाजू अमेरिकेतील राज्यकर्त्यांपुढे मांडली. मोठमोठ्या कामांचा व्याप असतानाही त्यांनी आपला वेळ आणि पैसा या कार्यासाठी दिला.

रवींद्रसंगीत त्यांना अतिशय प्रिय होते. तंत्रज्ञाने आपल्या तंत्रातच हरवून जाऊ नये, त्याने कला, संगीत आणि माणसे यांच्यातही रमावे, असे त्यांना वाटे. शिकागोतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत. हॅनकॉक सेंटरमागील तिरप्या पट्ट्यांचा विचार तेथील एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाबरोबरच आकाराला आला होता.

२७ मार्च १९८२ रोजी जेद्दा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे बावन्न वर्षांचे होते. ज्या शहरात यात्रेकरूंसाठी त्यांनी सावली उभी केली, त्याच शहरात त्यांच्या जीवनयात्रेचा शेवट झाला. त्यांना शिकागोत दफन करण्यात आले. १९९९ मध्ये बांगलादेशाने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला. शिकागोत सिअर्स टॉवरजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

आज जगभर उभ्या राहणाऱ्या अनेक अतिउंच इमारतींत त्यांच्या नळीच्या कल्पनेची निरनिराळी रूपे दिसतात. आराखड्याची संगणकावर परीक्षा घेतल्याशिवाय कोणतीही मोठी रचना आता उभी राहत नाही. ही साधने दिवसेंदिवस अधिक शक्तिशाली होत आहेत. पण कोणता प्रश्न विचारावयाचा, कोणते उत्तर स्वीकारावयाचे आणि शेवटी ही इमारत कोणासाठी आहे, हे माणसालाच ठरवावे लागते. खान यांचे जीवन आपल्याला याचीच आठवण करून देते.

आपण काय शिकलो?

• मोठी रचना उभारण्यापूर्वी तिचे वर्तन गणिती प्रतिरूपावर तपासता येते.
• लहान, एकसारखे घटक योग्य रीतीने जोडले तर कमी साहित्यात अधिक बळ मिळते.
• संगणक गणित करतो, पण त्याच्या उत्तराची जबाबदारी माणसाचीच असते.

स्वाध्याय

१. खान यांना कोलकात्यातील शिक्षण अर्धवट का सोडावे लागले? पुढे त्यांनी काय केले?
२. बांबूच्या उदाहरणावरून नळीच्या रचनेचे तत्त्व तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. सिअर्स टॉवरला मोळीची उपमा का दिली आहे?
४. हॅनकॉक सेंटरच्या पायातील दोष संगणकाला का कळू शकला नाही?
५. तुमच्या व्यवसायात किंवा घरकामात एखादी गोष्ट प्रत्यक्ष करण्यापूर्वी तुम्ही ती कशी तपासून पाहता? आठ-दहा ओळींत लिहा.